शेतावर जाणारी वाट : नकाशा, नोंद आणि कायदा

मृग नक्षत्र तोंडावर आले की तहसील कचेरीच्या आवारात वाटांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढू लागते. कोणाच्या गाडीवाटेवर शेजाऱ्याने काट्या टाकलेल्या असतात, तर कोठे दोन्ही बाजूंचे बांध वर्षानुवर्षे कोरले जाऊन पाणंदीतून बैलजोडीसुद्धा धड जाऊ शकत नाही. पेरणीचा वाफसा कोणासाठी थांबत नाही. उसाच्या भागात हीच अडचण तोडणीच्या वेळी येते. गाडी फडापर्यंत जाऊ शकली नाही, तर मोळ्या डोक्यावरून वाहून सडकेपर्यंत आणाव्या लागतात, आणि ही जादा मजुरी शेवटी ऊस-उत्पादकाच्याच पदरातून जाते. ज्यांची शेते सडकेला लागून आहेत त्यांना या प्रश्नाची धग सहसा जाणवत नाही. आतल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र वाट हाच जमिनीचा निम्मा मोल असतो.

अशा तक्रारींचे निवारण करण्यासाठी कायदे नाहीत असे मुळीच नाही. उलट ते बरेच आहेत, आणि अडचण बहुधा तेथेच उद्भवते. गावातील निरनिराळ्या वाटा निरनिराळ्या कायद्यांखाली आणि निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या कक्षेत येतात. आपली वाट कोणत्या प्रकारची आहे हे न ओळखता अर्ज केला गेला, म्हणजे मूळ दावा खरा असूनही तो तांत्रिक कारणावरून फेटाळला जातो. मधल्या काळात पेरणी तर हुकतेच, कधी कधी दाद मागण्याची मुदतही संपून जाते. म्हणून सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांनी, म्हणजे गावकरी ज्यांच्याकडे प्रथम सल्ला विचारण्यास येतात अशा सर्वांनीच, वाटांचे हे प्रकार नीट समजून घेतलेले बरे.

नकाशावरील तुटक रेषा

देशावर दोन्ही बाजूंनी बांध किंवा कुंपण असलेल्या शेतवाटेला पाणंद म्हणतात, विदर्भात तिलाच पांदण किंवा पांधण म्हणतात. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता. कोकणात उतारावरील वाड्यांना जोडणारी, पुष्कळदा जांभ्या दगडाच्या पायऱ्या बांधलेली ती पाखाडी. ही नावे व्यवहारातील आहेत. महसुली दप्तराला त्यांच्याशी फारसे कर्तव्य नसते. वाट गावनकाशावर दाखविलेली आहे किंवा नाही, आणि असल्यास कोणत्या रेषेने, एवढेच ते दप्तर पाहते.

एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारे रस्ते आणि ग्रामीण गाडीमार्ग गावनकाशावर तुटक अशा दुहेरी रेषेने दाखविलेले असतात, तर पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. हे अपूर्णांकातील आकडे पाहून पुष्कळांना नवल वाटते. परंतु मोजणीची जुनी साखळी तेहेतीस फुटांची असे व तिचे सोळा आणे पाडलेले असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो. सव्वाआठ फूट म्हणजे चार आणे, साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे. तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, हे तर प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. मोजणीदाराने पाव साखळी वा अर्धी साखळी जागा वाटेसाठी सोडली, तीच मापे आजतागायत चालत आली आहेत.

नकाशावर दाखविलेल्या वाटेखालील क्षेत्र मोजणीच्या वेळी आकारणीतून वगळून पोटखराब्यात धरलेले असते. ‘वाट माझ्या गटातून जाते, तेव्हा जमीन माझीच’ असे म्हणणाऱ्या खातेदारास हा मुद्दा शांतपणे दाखवून देता येतो. ज्या क्षेत्राचा शेतसारा त्याच्या वाडवडिलांनी कधी भरलाच नाही, ते लागवडीखाली घेण्यास आधार तो काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा, ज्या इतर कोणाच्या मालमत्ता नाहीत अशा, राज्य शासनाच्या मालमत्ता होत. एखादी वाट लोकोपयोगासाठी आता लागत नाही असे ठरवून तीवरील हक्क संपुष्टात आणावयाचे असतील, तर त्यासाठी कलम २१ मध्ये जाहीर नोटीस देऊन व हरकती ऐकून घेऊन निर्णय करण्याची रीत घालून दिलेली आहे. ‘या वाटेने हल्ली कोणी जात नाही’ एवढे शेजारच्या शेतकऱ्याने म्हटल्याने सार्वजनिक वाट संपत नाही.

नकाशावरील वाट अडविली गेली, तर ते शासकीय जमिनीवरील अतिक्रमण होय. ते दूर करण्याचा अधिकार संहितेच्या कलम ५० अन्वये महसूल यंत्रणेस आहे. अशी अतिक्रमणे गाव नमुना एक-ई मध्ये नोंदवावयाची असतात. येथे तक्रारदाराने स्वतःचा हक्क शाबीत करीत बसण्याचे कारण नाही. गावनकाशाची नक्कल, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि प्रत्यक्ष पाहणी एवढ्यावर प्रकरण उभे राहू शकते. त्यामुळे वाटेचा प्रश्न घेऊन कोणीही आला असता त्यास पहिला प्रश्न ‘नकाशावर आहे काय?’ हाच विचारला पाहिजे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल मिळते, आणि आता तो संकेतस्थळावरही पाहता येतो.

नकाशात नसलेल्या वाटा

खरा गुंता येथून पुढे आहे. स्वतःच्या शेतात जाण्यायेण्याच्या बहुतेक वाटा नकाशात दाखविलेल्या नसतात. मूळ सर्व्हे नंबर एकाच घराण्याकडे होता तोपर्यंत त्यांची गरजही नव्हती. वाटण्या झाल्या, विक्री झाली, कोठे १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट बनले. एकाच बांधाच्या आतील जमीन चार-पाच खात्यांत विभागली गेली आणि सडकेपासून दूरचा वाटेकरी पुढच्या वाटेकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिला. वाटणीपत्र लिहिताना विहिरीतील पाण्याच्या पाळ्या बारकाईने लिहिल्या जातात, आंब्याचे झाडही मोजले जाते, पण वाटेविषयी एक ओळ लिहिण्याचे पुष्कळदा राहून जाते. भाऊ-भाऊ एकत्र नांदत असताना ती ओळ अनावश्यक वाटते. तिची किंमत पुढच्या पिढीस कळते.

अशा वाटांविषयी दोन कायदेशीर मार्ग आहेत आणि त्यांतील भेद हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

पहिला मार्ग जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चा. ज्या खातेदारास शेतात जाण्यास वाटच उपलब्ध नाही, त्याने लगतच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून वाट मिळावी असा दावा तहसीलदाराकडे करावयाचा असतो. लागवड करणाऱ्यांना आपापल्या शेतात जाण्यास वाजवी मार्ग मिळावा, ही गरज विचारात घेऊनच तहसीलदाराने निर्णय द्यावयाचा, असे कलमातच म्हटले आहे. वाट द्यावयाची ती हद्दीवरून, म्हणजे बांधावरून. शेजाऱ्याच्या शेताच्या मधून, सोयीची म्हणून आडवी वाट या कलमाखाली मागता येत नाही. बांधाच्या दोन्ही बाजूंची थोडीथोडी जागा वाटेत जाते, म्हणून एकाच शेतकऱ्यावर सारा भार पडत नाही. दुसरी एखादी वाट आधीच उपलब्ध आहे काय, कोणत्या बांधावरून गेल्यास नुकसान कमी होईल, पूर्वीचे मालक कोठून जात असत, हे सर्व जागेवर पाहूनच ठरवावे लागते. कचेरीत बसून अशा दाव्याचा निकाल देणे म्हणजे पुढच्या दिवाणी दाव्याची पेरणी करणे होय. निर्णयाने नाराज झालेल्या पक्षास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा दाखल करता येतो, आणि तसा दावा दाखल झाल्यावर त्याच निर्णयाविरुद्ध महसुली अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही.

दुसरा मार्ग याहून जुना आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी बेकायदेशीरपणे अडविली असेल, तर तो अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार मामलेदारास, म्हणजे आजच्या तहसीलदारास आहे. येथे नवी वाट मागितली जात नाही. जी वाट चालू होती ती मोकळी करून मागितली जाते. या कायद्याखालील निर्णयावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण अर्ज मात्र करता येतो. आणि सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा दावा दाखल झाला पाहिजे.

हे सहा महिने गावोगाव कसे निघून जातात, हे समजण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. समजा, खालच्या शेतकऱ्याची तीस वर्षांची गाडीवाट वरच्या शेतकऱ्याने कार्तिकात नांगरून टाकली. खालचा शेतकरी प्रथम भावकीत बोलतो. मग पंच बसतात. ‘हरभरा निघू द्या, मग बघू’ असे सांगून पंच उठतात. हरभरा निघतो, उन्हाळ्यात लग्नसराई असते, आणि जेथे वाट होती तेथे आता उन्हाळी भुईमूग उभा राहतो. वैशाखाच्या अखेरीस कोणीतरी अर्ज लिहून देतो, तोही कलम १४३ खाली, कारण तेच कलम सर्वांच्या तोंडी असते. चौकशीत जाबदार सांगतो की, अर्जदाराला पूर्वीपासून वाट होती असे तो स्वतःच म्हणतो, मग नवी वाट कशासाठी? अर्ज फेटाळला जातो. मामलेदार न्यायालयाची मुदत तोवर उलटून गेलेली असते. पुढे उरतो तो दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता.

सामोपचाराने मिटविण्याचा प्रयत्न करू नये असे यावरून कोणी समजू नये. गावातील तंटा गावात मिटणे केव्हाही इष्ट. पण पंचांनी बसावे ते मुदतीचे भान ठेवून. दावा दाखल करूनही तडजोड होऊ शकते, आणि ती तडजोड नोंदविली जाते. बांधावर बसून केलेल्या तडजोडीचा मात्र कागद राहत नाही.

दिवाणी न्यायालयात प्रश्न येतो तो १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचा. खाजगी जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता केलेल्या वहिवाटीने वाटेचा हक्क प्राप्त होतो. शासकीय जमिनीच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षांची आहे. शेजाऱ्याच्या परवानगीने वापरलेली वाट या हिशेबात धरली जात नाही. एकाच मिळकतीची वाटणी होऊन एखादा तुकडा चारी बाजूंनी कोंडला गेला असेल, तर त्यास आवश्यकतेचा सुविधाधिकार मिळतो. दुसरी वाट मिळून ती गरज संपली की हा हक्कही संपतो. शिवाय सुविधाधिकार सलग वीस वर्षे वापरलाच नाही तर तो लोप पावतो. शहरात नोकरीस गेलेल्या आणि शेत वाट्याने लावणाऱ्या मालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ग्रामपंचायतीचे काम

गावठाणातील रस्ते व मोकळ्या जागा यांच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा अधिकार थेट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५९ च्या कलम ५३ अन्वये सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे काढून टाकण्याची शक्ती पंचायतीस आहे, आणि पंचायतीने ती वापरली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना हस्तक्षेप करता येतो. ओटा पुढे येतो, मग त्यावर पत्रा चढतो, मग भिंत होते. रस्त्यातील अतिक्रमण असे पायरीपायरीने वाढत जाते आणि पहिल्या पायरीला हटकणारा कोणी नसतो, कारण अतिक्रमण करणारा बहुधा मतदार असतो व कधी कधी सदस्याचा नातलगही. या दुसऱ्या बाबीसंबंधी कायदा आता कडक झालेला आहे. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा इसम कलम १४ अन्वये सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो, आणि कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेत तेथे राहणाऱ्या सदस्यासही ही अपात्रता लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला आहे. अनेक सदस्यांना ही गोष्ट निवडून आल्यानंतर, प्रतिस्पर्ध्याची नोटीस हाती पडल्यावरच कळते.

शिवारातील वाटांवर ग्रामपंचायतीस असा थेट अधिकार सर्वत्र नाही. तेथे अधिकार महसूल खात्याचा, आणि जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक मिळालेले रस्ते सांभाळावयाचे ते सार्वजनिक बांधकाम खात्याने अथवा जिल्हा परिषदेने. तरीही ग्रामपंचायतीच्या हाती एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे नोंद. ग्रामपंचायतीच्या लेखा नमुन्यांपैकी नमुना २३ हा ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीचा आहे. त्यात गावठाणातील सिमेंटच्या रस्त्यांची नोंद ठळकपणे आढळते, कारण त्यावर खर्च पडलेला असतो. ज्यावर खर्च पडलेला नाही अशी पाणंद तेथे येत नाही, आणि जी कोणत्याच वहीत नाही ती नाहीशी झाली तरी हिशेबात फरक पडत नाही.

महसुली बाजूस अशाच नोंदीची तरतूद संहितेच्या कलम १६५ मध्ये आहे. गावातील वाटेचे, पाण्याचे व तत्सम रूढीचे हक्क लिहून ठेवणाऱ्या अभिलेखास वाजिब-उल-अर्ज असे म्हणतात. नोंदीविरुद्ध ज्यास तक्रार असेल त्याने ती प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात दिवाणी दावा करावयाचा असतो. विदर्भातील जुन्या गावांच्या वाटांच्या वादात हा कागद शोधून काढणे पुष्कळदा उपयोगी पडते. मे २०२५ मध्ये शासनाने घेतलेल्या निर्णयानुसार शेतरस्ता शक्यतो किमान तीन ते चार मीटर रुंदीचा द्यावा, अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढावा आणि मंजूर झालेल्या रस्त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घ्यावी असे ठरले आहे. यांपैकी तिसरी बाब सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. बैलगाडी सव्वाआठ फुटांतून कशीबशी निघून जात असे. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मळणीयंत्र यांना ती रुंदी पुरत नाही हे उघडच आहे, पण वाट चार मीटर देऊनही सातबारावर तिचा उल्लेख नसेल, तर जमीन विकली गेली की नवा मालक ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास मोकळा राहतो.

२०१८ ची पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आणि २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना यांच्याद्वारे पाणंदी मोकळ्या करून त्यांवर माती-मुरूम टाकण्याची कामे राज्यात हाती घेण्यात आली. लोकसहभागातूनही अनेक गावांनी पाणंदी खुल्या केल्या. ही कामे स्तुत्य होत. मात्र वाट मोकळी केली त्याच दिवशी तिची मोजणी, दोन्ही बाजूंस हद्दीच्या खुणा आणि पंचनामा झाला नाही, तर दोन पावसाळ्यांत नांगराचे तास पुन्हा आत सरकतात. यंत्राने काढलेले अतिक्रमण आणि नकाशावर निश्चित झालेली हद्द यांतील फरक ज्या गावाने ओळखला, तेथे मुरमावरील खर्च वाया जात नाही.

शिवारफेरी

ही नोंद करण्यास मोठ्या निधीची गरज नाही. रब्बीचे पीक निघाल्यानंतर, शेते रिकामी असताना, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि गावातील दोन-चार जाणती वडीलधारी माणसे यांनी गावनकाशा हाती घेऊन शिवारफेरी करावी. बिगरसडकेच्या वाड्या-वस्त्यांकडील बायकांना अशा फेरीत अवश्य बरोबर घ्यावे. दळणाला, पाण्याला आणि आजाऱ्याला घेऊन कोणत्या वाटेने जावे लागते ते त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. स्मशानभूमीकडे जाणारी वाट हा तर स्वतंत्र विषय आहे. तिची आठवण गावाला ऐन वेळी, भर पावसात होते आणि त्या दिवशी वाद घालणे कोणासच शोभत नाही.

शाळेतील वरच्या वर्गातील मुलांना भूगोलाच्या तासाला आपल्याच गावचा नकाशा वाचावयास शिकविला, तर तुटक दुहेरी रेषा कोठे सुरू होते व कोठे संपते हे ती मुले प्रत्यक्ष चालून सांगू शकतील. घरच्या गटातून जाणारी रेषा पाहून एखादा मुलगा घरी जाऊन प्रश्न विचारील, आणि त्याचे उत्तर देणे वडिलांना कदाचित अवघड जाईल. ते होऊ द्यावे.

फेरीनंतर प्रत्येक वाटेपुढे इतके लिहावे : कोठून कोठे जाते, नकाशावर आहे किंवा नाही, आज किती फूट उरली आहे, कोणत्या गटांजवळ अडली आहे, किती खातेदारांचे जाणेयेणे तीवर अवलंबून आहे. ही यादी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी, ठरावासह तिची एक प्रत तहसील कचेरीकडे पाठवावी आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ज्या वाटा अलीकडेच अडविल्या गेल्या असतील त्यांच्यासमोर अडथळ्याची तारीखही लिहावी. सहा महिने त्या तारखेपासून मोजले जातात.